मचूळ पाण्यात शिजवलेलं पाइन

माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? आमच्या थोरल्या भावाला आडपडदा ठाऊक नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, लाकडं शिजवतो. सासऱ्यांनी आपल्या मेव्हण्याला खात्री करायला कारखान्यावर पाठवलं. तो आला तेव्हा मी एका भल्यामोठ्या टाकीपाशी, डोक्याला पंचा गुंडाळून, हातात लांब दांड्याचा झारा घेऊन उकळत्या पाण्यावरची साय काढत उभा होतो. घरी जाऊन त्यानं अहवाल दिला की मुलगा खरंच शिजवतो, पगार बरा आहे, पण जे शिजवतो ते खाता येत नाही. लग्न झालं. बायको अजूनही कुणी विचारलं तर हीच गोष्ट सांगते, आणि दर वेळी टाकी थोडी मोठी होते.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पेट्या बनवायचा आमचा कारखाना. मालक नानजीशेठ कच्छी, लाकडाच्या धंद्यात मुरलेले. मी सुतारकामाचा आयटीआय करून तिथं लागलो आणि पहिल्याच वर्षी त्यांनी मला टाकीवर टाकलं. इतर पोरांना ती शिक्षा वाटायची. मला ते काम आवडलं, आणि आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही, माझ्याइतकं ते नाशिकमध्ये कुणाला येत नव्हतं.

लाकूड शिजवायचं कशाला, हे आधी सांगतो. आमच्याकडे पाइन यायचं ते उत्तरेकडून, वॅगनमध्ये भरून, नाशिकरोडला. वजनाला हलकं, खिळा पटकन घेणारं, सागाच्या मानानं स्वस्त. पण ताजं पाइन म्हणजे रडकं लाकूड. उन्हात ठेवलं की राळ पाझरते आणि हाताला, करवतीला, कपड्यांना चिकटते. दमट हवेत ठेवलं की निळे डाग पडतात. घाईनं वाळवलं तर पिळवटतं, वाळल्यावर पाणी लागलं तर फुगतं, आणि आत कीड असली तर ती पेटीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जाते. फळ्या गरम पाण्यात नीट उकळल्या तर राळ सुटून वर येते, कीड मरते आणि लाकडातली ओढाताण बरीचशी जाते. टाकीखाली भट्टी, भट्टीत आमचाच भुसा आणि ढलप्या. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून थर लावायचे, पाइन तरंगतं म्हणून वर रुळाचे तुकडे ठेवायचे, झाकण लावायचं. दुपारपर्यंत पाण्याला चहाचा रंग येतो आणि सगळ्या शेडमध्ये टर्पेंटाइनचा वास भरतो. मग फळ्या काढून, टोकांना गेरू फासून, सावलीत आठवडेच्या आठवडे वाळवायच्या. या शेवटच्या भागात सगळ्यांचा धीर सुटतो. माझा सुटत नसे.

पाण्याचा शोध मला अपघातानंच लागला. एका उन्हाळ्यात नळाचं पाणी बंद झालं. कारखान्याच्या मागं एक बोअर होती, तिचं पाणी इतकं मचूळ की त्यातल्या चहाचं दूध नासायचं. भांड्याला चुन्यासारखं पुट चढायचं. शेठ म्हणाले, पिऊ नका, पण लाकडाला काय कळतंय? त्या महिनाभरात जो माल शिजला तो वाळल्यावर मला वेगळा वाटला. अंगावर राखी झाक, हाताला जरा खरखरीत. आणि पावसाळा सुरू झाला, शेडमध्ये पाणी शिरलं, तेव्हा नळाच्या पाण्यातल्या फळ्या फुगल्या आणि या जवळजवळ होत्या तशाच राहिल्या.

मी त्याचा नाद घेतला. एकाच फळीतून शेजारीशेजारी दोन तुकडे कापायचे, एक नळाच्या पाण्यात उकळायचा, एक बोअरच्या. शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर मागून आणायचं, जाडी मोजायची, मग दोन्ही बादलीत बुडवून ठेवायचे आणि रोज सकाळी परत मोजायचे. वर्कशॉपवाला म्हणायचा, गांगुर्डे, लोक पोरांची उंची मोजतात, तू लाकडाची पोटं मोजतो. शाळेच्या वहीत मी सगळं लिहून ठेवलं. मचूळ पाण्यातला तुकडा कमी फुगायचा, कीड त्याच्या वाटेला कमी जायची आणि त्याचा पृष्ठभाग टणक व्हायचा. क्षार लाकडाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात, पाण्याला जागा उरत नाही, असा माझा हिशेब. कुणा शास्त्रज्ञाला विचारला नाही, पण बादलीनं तो खोटा ठरवला नाही.

तोटाही होता, आणि तो दामूमिस्त्रीच्या वाट्याला यायचा. दामूमिस्त्री आमचा सुतारांचा म्होरक्या, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, जेवढ्यास तेवढं बोलणारा. त्याच्या रंध्याचं पातं माझ्या लाकडावर लगेच बोथट व्हायचं. तुझं लाकूड धार खातं, एवढंच म्हणून तो दगडावर पातं घासत बसायचा. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला फळीवर अंगठ्याचं नख दाबायला लावायचो. साध्या पाइनमध्ये नख रुततं, माझ्यात रुतत नसे. ही नखाची परीक्षा आमच्या शेडमध्ये रूढच झाली, आणि तिचा मला फार अभिमान होता.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. त्र्यंबकच्या एका गुरुजींना पाट हवे होते. रोज पाणी, हळद, कुंकू, तूप. पाइनचे पाट दोन महिन्यांत वाकडे होत आणि सागाचे परवडत नसत. त्यांची अट एकच, लाकूड गोदावरीच्याच पाण्यात उकळायचं. पाण्याचे कॅन त्यांनी एसटीच्या टपावर टाकून पाठवले. आता एवढ्याशा पाण्यात टाकीचा तळही भिजेना. मी लहान पिंपात निम्मे पाट त्या पाण्यात उकळले, निम्मे आमच्या बोअरच्या, आणि बोअरवाल्यांच्या खाली पेन्सिलीनं बारीकशी फुली मारली. कुतूहल, दुसरं काय. वर्षभरानं गुरुजी स्वतः आले. म्हणाले, "ज्यांच्या खाली फुली आहे ते पाट मी यजमानांना देतो, बाकीचे डुगडुगतात. फुली कशाची ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगूही नका. पुढचे बारा फुलीचेच करा." मी मान खाली घालून ऑर्डर लिहून घेतली.

देवळाली कॅम्पातल्या फौजींच्या बायकाही आमच्याकडे यायच्या. त्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली, सगळा संसार पेटीत. एका सुभेदाराच्या बायकोनं आसामातून पत्र पाठवलं होतं की तिथल्या पावसात शेजारणींच्या पेट्यांची झाकणं लागेनात आणि तिची अजून टिचकीसरशी लागते. ते पत्र मी शेडमध्ये खिळ्याला लावून ठेवलं. सांगायचा मुद्दा, त्या काळात मला कुणी सांगितलं असतं की तुझ्या पाण्यात काही खोट आहे, तर मी त्याला बादलीसमोर बसवून महिनाभर मोजमापं घ्यायला लावली असती.

दिंडोरीकडे तेव्हा द्राक्षाच्या बागा वाढत होत्या. तिथले दौलतनाना हे मोठे बागायतदार. त्यांना घोड्या हव्या होत्या. घोडी म्हणजे चार पायांचा, दोन पायऱ्यांचा उंच स्टूल. मांडवावरची द्राक्षं डोक्याच्या वर लोंबतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढं घडातले जादा मणी कात्रीनं काढावे लागतात, त्याला विरळणी म्हणतात. ते काम बायकांचं. दिवसभर घोडी उचलायची, पुढच्या वेलाखाली ठेवायची, चढायचं, कात्री चालवायची, उतरायचं, परत उचलायची. बाभळीची घोडी वाहून दुपारपर्यंत खांदे भरून येतात. पाइन हलकं, पण बागेत सदा ओल आणि वर औषधाची फवारणी. साधं पाइन महिन्यात फुगून, सांधे सुटून खिळखिळं झालं असतं. म्हणजे हे काम माझ्यासाठीच होतं. पहिल्या वर्षी आम्ही ज्या घोड्या दिल्या त्या पूर्ण हंगाम टिकल्या. नानांनी पेढे पाठवले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी साठ मागितल्या आणि निरोप दिला की बायांना अजून हलकी पाहिजे. इथं माझी अक्कल पेंड खायला गेली. जास्त शिजवलं की लाकूड हलकं होतं, हे मला वहीवरून माहीत होतं. एरवी सकाळी टाकीत घातलेला माल मी जेवणाच्या सुट्टीत काढायचो. तो पुरा दिवस ठेवला. शिवाय टाकीतलं पाणी दर खेपेला बदलायचं ते बदललं नाही. आटलं की वरून भर घालायची आणि पुन्हा तेच. माझं म्हणणं, पाणी जितकं दाट तितके क्षार जास्त, लाकूड तितकं पक्कं. माल निघाला तो बघत राहावा असा. हलका, राखी-पांढरा, आणि नख तर सोडाच, खिळ्याचं टोक टेकवलं तरी सहज उमटेना.

दामूमिस्त्री रंधा मारता मारता थांबला. त्यानं मला बोलावून रंध्यातून निघालेली शेव तळहातावर घेऊन दाखवली. चांगल्या लाकडाची शेव लांब आणि कुरळी निघते. हिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पडत होते.

"हे लाकूड मोडताना आवाज करणार नाही, गांगुर्डे," तो म्हणाला. "आधी कुरकुरतं ते बरं असतं."

मी हसलो. म्हणालो, मिस्त्री, पातं बोथट झालंय तुमचं. मग त्याची शंका फेडायला एका घोडीवर सिमेंटच्या गोण्या रचल्या आणि दुपारभर तशाच ठेवल्या. घोडी हलली नाही. मिस्त्री पातं घासून पुन्हा कामाला लागला. वयानं आणि हातानं तो मोठा होता, पण वही माझ्याकडे होती.

विरळणी ऐन भरात असताना नानांच्या ट्रॅक्टरवरून एक मोडकी घोडी परत आली. बरोबर निरोप की एक बाई पडली, हात मोडला, घोडी दुरुस्त करून द्या. दामूमिस्त्रीनं मोडलेला पाय माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेला. पाइन मोडतं तेव्हा त्याच्या लांब लांब धसा निघतात, मोडायच्या आधी कडकडतं, माणसाला उतरायला वेळ मिळतो. हा पाय खडू मोडावा तसा सपाट तुटला होता. मी तो उलटसुलट करून बघत राहिलो. समजायला काही बाकी नव्हतं, तरी पाहत होतो.

त्या दिवशी आम्ही त्याच खेपेच्या उरलेल्या लाकडाच्या काही घोड्या जोडून त्या बादलीऐवजी हौदात भिजत घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी गोण्या न रचता मी स्वतः त्यांच्यावर चढलो, उड्या मारल्या, ढेकळांवर आपटल्या. एकीचा पाय गेला, मग दुसरीचा. गोणी घोडीवर नुसती बसते. बाई चढते, वळते, हात लांब करते, एका पायावर भार टाकते, आणि घोडी खाली ठेवते ती आपटूनच. नखाला न जुमानणारं लाकूड धक्क्याला कच्चं होतं. कडकपणा मी ताकद समजून बसलो होतो. पाण्याचा दोष नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. नेमकं शिजवलेलं मचूळ पाण्यातलं पाइन मी पुढं अनेक वर्षं दिलं आणि त्याची एक तक्रार आली नाही. दोष माझ्या वेळेचा आणि आटवलेल्या पाण्याचा होता. भातही शितावरून बघून उतरवतात, मी मात्र पातेलं करपेपर्यंत फुशारकी मारत उभा होतो.

शेठना मी सगळं सांगितलं. त्यांनी ताबडतोब सगळ्या साठ घोड्या बदलून द्यायचं ठरवलं, त्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही. मी, मिस्त्री आणि आख्खं शेड चार दिवस राबलो, आधीच्या नेमक्या शिजवलेल्या लाकडातून नव्या घोड्या केल्या आणि जुन्या परत आणून भट्टीत घातल्या. फक्त एक गोष्ट शेठनी बजावली.

"नानाला बोलायचं की नवीन मॉडेल हाय, जास्त चांगलं. बस. आपलाच माल खराब बोलला तर सगळी दिंडोरी पाठ फिरवेल. तुझ्या शेडमधी तीस माणसं हायेत, त्याचा विचार कर."

मी विचार केला, आणि नानांना नवीन मॉडेल म्हणूनच सांगितलं. नाना खूश झाले. हात मोडलेल्या बाईला सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलंय, नानांनी औषधपाणी बघितलं, असं कळलं. मला वाटलं, मिटलं. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. या लेखात मला एकच गोष्ट लिहायला जड जात असेल तर ती ही. चूक झाली ती झाली, चुका सगळ्यांच्या होतात. ती झाकून मी रात्री शांत झोपत होतो.

काढणी सुरू झाली तेव्हा नव्या घोड्या कशा चालल्यात ते बघायला मी पहाटेच्या गाडीनं दिंडोरीला गेलो. मजूर ज्या नाक्यावर जमतात तिथंच उतरलो, कारण नानांचा ट्रॅक्टर तिथून सुटतो. बायका भाकरी बांधून घेऊन उभ्या होत्या. मुकादम ट्रॉलीपाशी उभा राहून एकेक नाव घेत होता. ज्या बाईचं नाव घेतलं जाई ती वर चढे. ज्यांचं नाव येत नाही त्या परत घरी, अशी तिथली पद्धत. एक बाई जरा बाजूला, पिंपळाच्या पाराला टेकून उभी होती. चाळिशीची असेल. उजवं मनगट जरा वाकडं जुळलेलं दिसत होतं. मी मुकादमाला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, सगुणा. रोज येऊन उभी राहते, पण तिला घेत नाही. तोल जातो तिचा. घोडी मोडून ठेवली, आता द्राक्षाच्या पेट्या पाडील.

मी तिच्याजवळ गेलो. जयभीम केला, तिनंही केला. घोड्या बनवणाऱ्या कारखान्यातला आहे म्हटल्यावर ती ओशाळली. माझी घोडी मोडून ठेवली म्हणून मी जाब विचारायला आलोय असं तिला वाटलं असावं.

"मी पडले नाय, भाऊ," ती म्हणाली. "घोडीच खाली बसली. आवाजबी नाय आला. पर कोनी आयकत नाय. आमचं मालकबी म्हनत्यात, तुझंच ध्यान नव्हतं. सासू म्हनती, लय उड्या मारती तू. ऐकू ऐकू मलाबी वाटाया लागलं, आसंल माझंच चुकलं."

आवाज आला नाही. दामूमिस्त्रीनं रंधा थांबवून सांगितलं होतं तेच ही बाई मनगट मोडून घेऊन सांगत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मी तिला म्हणालो, ताई, तुमचं काहीही चुकलं नाही. लाकूड मी शिजवलं होतं, जास्त शिजवलं, ते कच्चं झालं. मोडणारच होतं. तुम्ही नसता तर दुसरी कुणी पडली असती.

तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी व्हते ना वर. जा, त्यान्ला सांगा."

ट्रॉली जवळजवळ भरली होती. नानाही तेवढ्यात मोटारसायकलवरून आले आणि मला बघून हसत थांबले, नवीन मॉडेल फारच छान म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर शेठ उभे राहिले आणि शेडमधली माणसं. पुढं झालं असं की दिंडोरीनं पाठ फिरवली नाही. जो आपला वाईट माल वाईट म्हणतो त्याचा चांगला माल डोळे झाकून घ्यावा, असं म्हणून पुढच्या वर्षी तिथली आणखी दोन गिऱ्हाइकं आली आणि शेठ माझ्याशी तोवर धरलेला अबोला सोडून बोलायला लागले. पण हे त्या सकाळी मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी मोठ्यानं बोललो, कारण ट्रॉलीतल्या बायकांना ऐकू जायला हवं होतं. म्हणालो, ते नवीन मॉडेल वगैरे काही नाही. आधीच्या साठही घोड्या खराब होत्या. मी लाकूड प्रमाणाबाहेर उकळलं, आटवलेल्या पाण्यात उकळलं. ते वरून टणक आणि आतून बिस्किटासारखं झालं. आम्ही नंतर उड्या मारून बघितल्या, निम्म्याहून जास्त मोडल्या. या ताई चुकून पडल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तरी पडलो असतो.

ट्रॉलीत कुणी तरी हळूच म्हणालं, मी सांगत व्हते ना. नानांचं हसू गेलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"लाज वाटली," मी म्हणालो. दुसरं कारण माझ्याकडे होतं, शेठचं, माणसांचं. पण खरं कारण हेच होतं.

नानांनी मुकादमाकडे बघून मान हलवली. मुकादम तिच्याकडे न बघताच हातानं खूण करून म्हणाला, चला, बसा.

सगुणाबाई जागची हलली नाही.

"नाव घ्या," ती म्हणाली.

मुकादमानं आधी ट्रॉलीकडे पाहिलं, मग नानांकडे. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन सुरू केलं होतं, ते त्यानं पुन्हा बंद केलं. सगळ्या बायका बघत होत्या.

"सगुणा," मुकादम म्हणाला.

"हाय," ती म्हणाली. पारावरचं भाकरीचं फडकं तिनं उचललं, डाव्या हातानं ट्रॉलीची फळी धरली आणि वर चढली. तिला जागा करून द्यायला आतल्या बायका सरकल्या.